‘घाबरू नका’ न म्हणणारी

आमच्या ताईचं कोणी कौतुक करायला लागलं की मी तिथून उठतो. कौतुक करणाऱ्यांना तिच्या हाताखाली वाढावं लागलेलं नाही. आम्ही चार भावंडं, ती थोरली, मी शेंडेफळ. आई लवकर गेली आणि आम्हाला वाढवलं ते ताईने. मनासारखी ओरडलीसुद्धा नाही कधी. मार खाल्ला की माणूस मोकळा होतो हो. पण नापास होऊन आलेल्या पोराला कोणी ‘बस, पुन्हा करून बघू’ म्हणून वही पुढ्यात ठेवली, तर त्या पोराने पळायचं कुठे? पन्नाशी उलटली, अजून मला पळायला जागा सापडलेली नाही.

मी लिफ्टचा मेकॅनिक. ताई आमच्याच ऑफिसात फोनवर बसते. आधी बालवाडीत शिकवायची. बालवाडी बंद पडली तेव्हा मीच मालकाच्या मागे लागून तिला इथे चिकटवलं. ऑफिस म्हणजे एका दुकानामागची खोली. एक टेबल, भिंतीवर इमारतींची यादी, कोपऱ्यात तारदोराची वेटोळी आणि जळलेल्या मोटारी. टेबलावर तीन फोन. आम्ही सांभाळतो त्या प्रत्येक लिफ्टमध्ये ‘लिफ्ट अडकल्यास या नंबरवर फोन करा’ असा कागद लावलेला असतो. तो फोन ताई उचलते.

लोकांना वाटतं, अडकलेली लिफ्ट खाली कोसळते. अहो, नाही कोसळत. आत गपगुमान बसून राहणाऱ्याचा केसही वाकडा होत नाही. जीव जातो तो बाहेर पडायची घाई करणाऱ्याचा. समजा, जुनी जाळीच्या दरवाज्यांची लिफ्ट आहे आणि दोन मजल्यांच्या मधे अडकली आहे. लिफ्टची जमीन खालच्या मजल्याच्या वर छातीइतकी. माणूस आतली जाळी सरकवतो, हात घालून बाहेरच्या जाळीचा खटका काढतो, काठावर बसून पाय सोडतो आणि उडी मारतो. पुढे पडला तर पडला. पण लिफ्टच्या पोटाखाली तेवढीच उघडी फट असते आणि त्या फटीच्या मागे सरळ तळापर्यंत काळोख. तोल मागे गेला की संपलं. म्हणून आमच्या धंद्यात दुरुस्तीपेक्षा मोठं काम एकच, मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्याला आत ठेवायचं.

ते काम ताई करते. ती कधीही ‘घाबरू नका’ म्हणत नाही. मालकाने एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘‘घाबरू नका म्हटलं की माणसाला वाटतं, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे!’’ ती काम सांगते. आतली बटणं मोजा. पंख्याची पाती फिरतात का बघा. पिशवीत काय काय आहे ते मला वाचून दाखवा. एका गृहस्थाने अख्खं वाणसामान वाचून दाखवलं होतं, वर तिला जिऱ्याचा भावही विचारला. आम्हा मेकॅनिकांनाही सोडत नाही. काम संपलं की फोन येणारच, ‘‘जमलं ना? मला माहीत होतं.’’ माहीत होतं तर विचारतेस कशाला, असं मी म्हणतो. ती हसते. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सात वर्षांपूर्वी एका माणसाला तिने सांगितलं होतं, मेकॅनिक दहा मिनिटांत येतोय. दहा मिनिटं मी तिला सांगितली होती. मला लागली सदतीस. त्या माणसाने दहा मिनिटं वाट पाहिली, अकरावं मिनिट पाहिलं, पंधरावं पाहिलं, आणि जाळी उघडून उडी मारली. वाचला. पण कमरेखालचं अंग गेलं. रस्त्यात अडकलो होतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. चौकशी झाली तेव्हा ताई म्हणाली, ‘‘वेळ मी अंदाजाने सांगितली, चूक माझी.’’ मी शेजारी उभा होतो. तोंडाला कुलूप. नंतर महिनाभर तिने फोनला हात लावला नाही. त्या माणसाकडे ती अजून दर रविवारी जाते, त्याला पेपर वाचून दाखवते. मी एकदाही गेलो नाही.

आता त्या दिवसाचं.

अकरा वाजून गेले होते. मी नदीपलीकडे एका इमारतीच्या गच्चीवर मोटार खोलून बसलो होतो. ताईचा फोन आला.

‘‘निळी बिल्डिंग. चौथ्या-पाचव्याच्या मधे. आत एकटा माणूस आहे. तुला किती वेळ लागेल? आणि खरं सांग.’’

सात वर्षं झाली, ‘आणि खरं सांग’ हे तिने दर वेळी म्हटलंय.

‘‘पस्तीस मिनिटं,’’ मी म्हणालो. ‘‘पूल मोकळा असेल तर. दुसऱ्या कोणाला पाठव ना.’’

‘‘एक रजेवर, दुसरा तुझ्याहून लांब. निघ तू. फोन बंद करू नकोस, मी तुला स्पीकरवर ठेवते.’’

कानात वायर खुपसली, हत्यारांची पिशवी पायाशी टाकली आणि स्कूटर काढली. ऑफिसातलं सगळं मला ऐकू येत होतं. ताईच्या दुसऱ्या फोनवरचा तो माणूसही.

‘‘आत दिवा चालू आहे का?’’ ताई त्याला विचारत होती.

‘‘आहे. तुम्ही लवकर माणूस पाठवा, प्लीज!’’

‘‘निघालाय. तुम्हाला घरात काय म्हणतात? मी काय हाक मारू?’’

मग त्याचा आवाज फुटला. ‘‘बाबा म्हणतो तो मला. दीड वर्षाचा आहे. वर एकटा आहे हो तो!’’

भडाभडा बाहेर पडलं सगळं. बायको कामावर, इथून तासाभराच्या अंतरावर. मुलाला रात्रीपासून ताप. औषध संपलं, मुलाला नुकती झोप लागलेली, म्हणून पाच मिनिटांत येतो असं स्वतःलाच सांगून हा पुढच्या चौकात औषध आणायला गेला. दार ओढून घेतलं. किल्ली एकच, त्याच्या खिशात. घर सहाव्या मजल्यावर. आणि गॅसवर दुधाची बाटली उकळत ठेवलेली.

‘‘बाटली कशाची? काचेची?’’

‘‘प्लॅस्टिकची. पातेल्यात पाणी होतं, पण किती वेळ पुरणार? पंचवीस मिनिटं? मग ती जळणार, धूर होणार, खिडक्या मीच लावल्यात, त्याला वारा लागू नये म्हणून…’’

मी स्कूटरचा कान पिळला, पण पुढे पूल आला आणि पुलावर एक भला मोठा कंटेनर आडवा पडलेला. दोन्ही बाजूंना वाहनं चिकटलेली, मुंगीला जायला वाट नाही.

ताईने तिसऱ्या फोनवरून अग्निशमन दलाला कळवलं. त्यांची गाडीही नदीच्या याच बाजूला, याच पुलामागे. भिंतीवरच्या यादीत त्या इमारतीतले सहा नंबर होते. एकेक लावला. कोणी ऑफिसात, कोणी गावाला, कोणी उचललाच नाही.

‘‘ताई, पूल बंद आहे,’’ मी ओरडलो. ‘‘पस्तीसचे पन्नास धर.’’

तिने ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, निदान आज तरी खोटं बोल बाई! पण नाही. ‘‘बाळाचे बाबा, ऐका. मेकॅनिक पुलावर अडकलाय. पन्नास मिनिटं लागतील.’’

पलीकडून किंकाळीच आली. मग खडखडखड. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. आतली जाळी सरकली होती.

‘‘मी उतरतोय,’’ तो म्हणाला. ‘‘खाली चौथा मजला दिसतोय. बाहेरच्या जाळीचा खटका मला हाताने निघेल. काठावर पाय सोडून बसलोय, काही उंच नाही.’’

‘‘नका उतरू.’’

‘‘बाई, तुम्हाला मुलं आहेत का?’’

ताईला नाहीत.

तेवढ्यात माझ्या कानात तिचा आवाज अगदी जवळून आला. फोन उचलून तोंडाशी धरला असावा. इतका बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. ‘‘तो काठावर बसलाय. पाय खाली सोडलेत. मला काही सुचत नाही रे. पुन्हा तेच होणार. तू बोल त्याच्याशी, मला नाही जमत.’’

आमची ताई! जिने जन्मभर दुसऱ्याला जमवून दिलं ती म्हणते जमत नाही! मी स्कूटर पुलाच्या कठड्याला टेकवली, पिशवी खांद्यावर मारली आणि गाड्यांच्या मधून चालत सुटलो. काय बोलावं? मला बोलता येतच नाही. मला फक्त चिडता येतं. मग एकदम तोंडातून गेलं, ‘‘ताई, मागची चूक तुझी नव्हती.’’

‘‘ते आता कशाला?’’

‘‘ऐक! दहा मिनिटं मी खोटी सांगितली. रस्त्यातबिस्त्यात काही अडकलो नव्हतो. निघालोच नव्हतो मी. चहा पीत बसलो होतो टपरीवर. वाटलं, लिफ्ट काय, अडकतातच. तुझं काही चुकलं नव्हतं. तू नीट बोललीस त्याच्याशी, मी खोटा होतो.’’

एका रिक्षावाल्याने मला शिवी घातली. मी ती मुकाट्याने घेतली.

‘‘माहीत आहे,’’ ताई म्हणाली.

‘‘काय माहीत आहे?’’

‘‘तू चहा पीत होतास ते. मागे कपबशा वाजत होत्या.’’

माझे पायच थांबले. सात वर्षं! सात वर्षं ही बाई मला रोज ‘जमलं ना?’ विचारतेय, माझ्या घरी येऊन माझ्या पोरांचे अभ्यास घेतेय, माझ्या पानात वाढतेय. ‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले असते तर तू पुन्हा पान्हा हातात धरला नसतास. मला माहीत नाही का तू कसा आहेस? पण आज बोललास, बरं झालं.’’ एक मोठा श्वास. ‘‘चल, पळ आता.’’

आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मी पळालो. बावन्नाव्या वर्षी, एवढं पोट घेऊन, डोळ्यांतलं पाणी पुसत. लोकांना वाटलं असेल, याच्या घरी काहीतरी झालंय.

‘‘बाळाचे बाबा,’’ ताई म्हणत होती, आणि आता तो तिचा नेहमीचा आवाज होता, पोरांना रांगेत उभं करतानाचा. ‘‘मला मूल नाही. पण मी असा एक माणूस बघितलाय, जो तुम्ही बसलात तिथेच बसला होता. आता तो उठू शकत नाही. तुम्ही पडलात तर किल्ली तुमच्याबरोबर खाली जाईल. मग मी कोणाला सांगू दार उघडायला?’’

पलीकडे खिशातलं किल्ल्यांचं जुडगं वाजलं.

‘‘तुम्हाला बाहेर यायची गरज नाही. किल्लीला यायची आहे. चौथ्या मजल्यावर कोण राहतं?’’

‘‘एक म्हातारी. ती दार उघडत नाही कोणाला. पडल्यापासून दोन वर्षांत जिना उतरलेली नाही ती.’’

‘‘औषधाची बाटली काचेची आहे?’’

‘‘हो.’’

‘‘मग ती नको. पायातला बूट काढा आणि जाळीवर हाणा. जोरात. आधी पाय आत घ्या.’’

ठणाठण सुरू झालं. माझ्या कानाचे पडदे फाटायची वेळ आली, तेव्हा कुठे लांबून एक खणखणीत आवाज आला. ‘‘कोण रे मेल्या! दुपारचंसुद्धा निजू देत नाहीत!’’

साडेअकरासुद्धा वाजले नव्हते, पण असो. म्हातारीने साखळीआडून पाहिलं. त्याने ओरडून, रडून सगळं सांगितलं. साखळी निघाली. वॉकर सरकवत ती जाळीपर्यंत आली.

‘‘आता किल्ली द्या. पण थांबा!’’ ताई म्हणाली. ‘‘जाळी आणि लिफ्ट यांच्या मधल्या फटीत किल्ली पडली तर गेली. बुटाची नाडी काढा. किल्ली जुडग्यातून सुटी करा, नाडीला बांधा, दुसरं टोक मनगटाला. मग पोटावर झोपून हात जाळीतून घाला. आजी ‘घट्ट धरली’ म्हणाल्या, की मगच नाडी सोडायची.’’

किती वेळ लागला कोण जाणे. पूल मागे पडला होता. पलीकडे रिकामी रिक्षा दिसली, तिच्यात मी अक्षरशः पडलो. कानात नुसते श्वास आणि किल्ल्यांची किणकिण.

‘‘धरली,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘आता काय करू? मी काही वर जाऊ शकत नाही हं. आधीच सांगते. गुडघे गेलेत माझे.’’

दोन मजले. मी त्या जिन्यावरून शंभरदा गेलोय. मजल्याला वीस पायऱ्या, एकूण चाळीस.

ताईने तिचा नंबर विचारून घेतला आणि तिसऱ्या फोनवरून तिला लावला. ‘‘आजी, फोन स्पीकरवर टाकून कमरेला खोचा. तुम्हाला चढता येणार नाही, बरोबर आहे तुमचं. उभं राहून नाहीच येणार.’’

‘‘मग काय उडत जाऊ?’’

‘‘बसून जा. पायरीला पाठ करून बसायचं. हात मागच्या पायरीवर टेकवायचे, पाय दाबायचे, एक पायरी वर बसायचं. बालवाडीतली पोरं अशीच चढतात. बसलेला माणूस पडत नाही.’’

‘‘ह्या वयात ढुंगणावर घसटत जाऊ? लाज नाही वाटत सांगायला?’’

‘‘मला नाही वाटत. आणि बघायला आहे कोण?’’

म्हातारी काहीतरी पुटपुटली. वॉकर भिंतीला आपटल्याचा आवाज झाला. मग कण्हणं. मग, ‘‘एक झाली.’’

‘‘बाळाचे बाबा,’’ ताई म्हणाली, ‘‘आता तुमचं काम. आतली जाळी ओढून घ्या, पाठ मागच्या भिंतीला लावून बसा, आणि आजींच्या पायऱ्या मोठ्याने मोजा. त्यांना ऐकू गेलं पाहिजे. दम लागला की त्या थांबतील, तुम्ही थांबायचं नाही. त्यांना वर न्यायचंय तुम्हाला.’’

त्याने मोजायला सुरुवात केली. पहिल्यांदा आवाज रडका. तीन. चार. आठव्या पायरीला म्हातारी म्हणाली, संपले मी. तो ओरडला, ‘‘आजी, अजून दोन, मग वळण आहे, तिथे टेका!’’ दहा. पंधरा. आता तो आकड्यांच्या मधे बोलायला लागला होता. ‘‘शाब्बास आजी! सतरा! तुम्ही माझ्या आईहून तयार आहात!’’ ज्या माणसाला दहा मिनिटांपूर्वी स्वतःचा धीर नव्हता तो लिफ्टच्या शाफ्टमधून ओरडून दुसरीला धीर देत होता. रिक्षावाला माझ्याकडे वळून बघत होता, कारण मीही पुटपुटत होतो. अठरा. एकोणीस. वीस.

एकविसाव्या पायरीला म्हातारी म्हणाली, ‘‘वास येतोय.’’

मोजणं थांबलं.

‘‘कसला?’’ ताईने विचारलं.

‘‘जळका. प्लॅस्टिकचा.’’

जाळी पुन्हा खडखडली. ‘‘मी उतरतो! ती नाही पोचणार! मी उतरतो!’’

‘‘बसा!’’ ताई ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ओरडताना ऐकलं. ‘‘तुम्ही मोजायचं थांबलात की त्या थांबतात! कळतंय का? ते पोर तुमच्या आवाजावर आहे आता. मोजा!’’

जाळी पुन्हा लागल्याचा आवाज आला. मग, ‘‘बावीस.’’

बावीस. तेवीस. म्हातारी खोकायला लागली होती. तिसाव्या पायरीला ती रडली, चांगली हुंदके देऊन. मग स्वतःलाच एक सणसणीत शिवी घातली आणि पुढची पायरी चढली. मी निळ्या बिल्डिंगच्या दारात उतरलो तेव्हा छत्तीस झाल्या होत्या. वर धावलो. चौथ्या मजल्यावर जाळीतून तो दिसला. तिशीचा जेमतेम, एका पायात बूट, पाठ भिंतीला, डोळे घट्ट मिटलेले, आणि ओरडतोय, ‘‘एकोणचाळीस!’’

माझी पहिली जागा गच्चीवरची मोटारीची खोली, हा नियम. पण त्या दिवशी नियम गेला खड्ड्यात. सहाव्या मजल्यावर पोचलो तर म्हातारी दाराशी बसलेली, एक हात वर करून कुलुपात किल्ली घालायला बघतेय. हात पुरत नव्हता. मी किल्ली घेतली, फिरवली, दार आत ढकललं. धूर अंगावर आला. गॅस बंद केला, खिडकी उघडली, पातेलं मोरीत फेकलं. त्यात बाटलीचा काळा गोळा झाला होता. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, म्हणून धूर तिथे कमीच शिरला होता. पलंगावर पोरगं उठून बसलेलं. लाल डोळे, नाक वाहतंय. मला बघून त्याने असं काही भोकाड पसरलं की सांगता सोय नाही.

इतकं गोड रडणं मी ऐकलेलं नाही. खाली शाफ्टमध्ये त्याचा बाप रडत होता, दाराशी म्हातारी रडत होती. मी पोराला उचलून तिच्या मांडीत ठेवलं आणि गच्चीवर पळालो. मुख्य वीज बंद केली, ब्रेक सैल केला, हाताने चाक फिरवून लिफ्ट पाचव्याला लावली. बाहेरची जाळी उघडली तेव्हा तो माझ्या अंगावरून वर धावला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबरच आहे.

खरी पंचाईत पुढे झाली. अर्ध्या तासाने सगळे जरा सावरले, पोराला औषध मिळालं, बायको घरी यायला निघाली. आणि म्हातारी म्हणाली, ‘‘आता मला घरी सोडा.’’ लिफ्टचा बिघाड मोठा होता, त्या दिवशी ती चालू होणार नव्हती. मी तसं सांगितलं. तिने जिन्यातून खाली पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. चढताना ती डोळे मिटून नुसते आकडे ऐकत होती, खाली बघितलंच नव्हतं. उतरताना सगळं समोर.

‘‘उचलून नेतो,’’ तो बाप म्हणाला.

‘‘हात लावशील तर खबरदार! तिला लाव फोन. ती बाई बोलल्याशिवाय मी हलायची नाही.’’

मी ताईला फोन लावला. ‘‘आजी तुला बोलावतायत.’’ पलीकडून नुसता रडण्याचा आवाज. कसंबसं म्हणाली, ‘‘तू बोल.’’

मी? मला बोलता येतं का? मी फोन तसाच खिशात घातला आणि म्हातारीच्या एक पायरी खाली जाऊन बसलो. ढुंगणावर, तिच्यासारखाच.

‘‘आजी,’’ मी म्हणालो, ‘‘मी आधी सरकतो. तुमचे पाय माझ्या खांद्यावर टेकवा. तोल गेलाच तर मी मधे आहे, आणि मी केवढा आहे ते तुम्ही बघताच आहात.’’

‘‘भिंतीसारखा आहेस,’’ ती म्हणाली. ‘‘किती पायऱ्या आहेत?’’

‘‘चाळीस.’’

‘‘कमी सांगायला काय झालं होतं रे?’’

‘‘कमी सांगणार नाही,’’ मी म्हणालो. ‘‘एकदा सांगून बघितलंय.’’

तिने पाय माझ्या खांद्यावर ठेवले. हलके होते अगदी. वरून पोराला कडेवर घेऊन तो बाप मोजायला लागला, आणि आम्ही दोघं एकेक पायरी खाली सरकत गेलो. दर पायरीला ती विचारत होती, आहेस ना? दर पायरीला मी सांगत होतो, आहे. माझी पॅन्ट मागून फाटली. फोन मी बंद केला नव्हता, आणि शेवटच्या पायरीपर्यंत तिकडूनही तो कोणी बंद केला नाही.

रविवारी ताईबरोबर मी सात वर्षांपूर्वीच्या त्या माणसाकडे गेलो. दारात माझे पाय अडले. ताईने पेपर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘‘आज तू वाच.’’